श्रद्धेचे वकीलपत्र

१९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, मारबुर्ग विद्यापीठात नवा करार शिकविणारे जर्मन पंडित रुडॉल्फ बुल्टमान यांनी एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, जो माणूस घरात विजेचा दिवा लावतो, रेडिओ ऐकतो आणि आजारी पडला म्हणजे डॉक्टरकडे जातो, त्याला भूतपिशाचांनी व चमत्कारांनी भरलेले बायबलातील जग जसेच्या तसे खरे मानता येणार नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात, बॉम्बवर्षावाच्या खुणा अंगावर वागविणाऱ्या लंडनमधील बीबीसीच्या इमारतीत, क्लाइव्ह स्टेपल्स लुइस नावाचा ऑक्सफर्डचा एक साहित्याध्यापक त्याच रेडिओच्या ध्वनिक्षेपकापुढे बसून त्या जुन्या जगाचे वकीलपत्र घेत होता. योगायोगाला इतका टोकदार विनोद क्वचितच साधतो.

बुल्टमान नास्तिक नव्हते, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. नाझी सत्तेची चर्चमधील ढवळाढवळ नाकारणाऱ्या पक्षाचे ते सभासद होते, आणि पुराणकथेचे टरफल काढून श्रद्धेचा दाणा तेवढा वाचवावा, अशीच त्यांची मनीषा होती. पारंपरिक ख्रिस्ती मनुष्याची तक्रार अशी की, ज्याला आपण टरफल म्हणता तोच दाणा आहे. प्रेषितांचा मतांगीकार म्हणून जे छोटे विधान शतकानुशतके उपासनेत म्हटले जाते, त्यात येशू कुमारीच्या उदरी जन्मला, पंतय पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असे सरळ सांगितले आहे. त्यात एका रोमन अधिकाऱ्याचे नाव यावे यावरूनच दिसते की ते विधान रूपक म्हणून नव्हे, तर घडलेली हकिकत म्हणून केलेले आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. त्याच्याही आधी, १८३५ साली, जर्मन धर्मपंडित स्ट्राउसने ख्रिस्तचरित्रातील चमत्कार पुराणकथांत जमा केले होते. तेव्हापासून सुशिक्षित ख्रिस्ती माणसापुढे दोनच वाटा उरल्या, एकेक कलम सोडून देत मागे हटावे, किंवा सगळी कैफियत नव्याने मांडावी.

लुइसने दुसरी वाट धरली. बेलफास्टला १८९८ साली जन्मलेला हा मनुष्य नऊ वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली, पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झाला, आणि तारुण्याची कितीतरी वर्षे तो पक्का नास्तिक होता. १९३१च्या सप्टेंबरात, टोल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेल्या संभाषणानंतर थोड्याच दिवसांनी, भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय पाहायला जात असताना वाटेत कुठेतरी त्याला ख्रिस्त पटला. अशा माणसाला विरोधी पक्षाचे दफ्तर तोंडपाठ असते.

त्याची रेडिओवरची भाषणे पंधरा मिनिटांची होती, आणि पहिल्यात त्याने ना बायबल उघडले ना चर्चचे नाव घेतले. तो भांडणापासून निघाला. आपल्याकडे एसटीत रुमाल टाकून जागा धरलेली असते आणि दुसरा कोणी येऊन तीवर बसतो, तेव्हा काय होते ते आठवावे: बसलेला इसम ‘न्यायबिय मी मानत नाही’ असे कधी म्हणत नाही, तर ‘रुमाल खाली पडला होता’ असे म्हणतो. म्हणजे नियम उभयपक्षी कबूल असतो, वाद फक्त तो मोडला की नाही एवढाच. हा नियम कोणी घातला, या प्रश्नावरून लुइस हळूहळू ईश्वराकडे वळतो. पुढच्या मालिकेत ख्रिस्ती सिद्धांत मांडावयाचे होते, तेव्हा त्याने आपले लिखाण अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि रोमन कॅथलिक अशा चार पाळकांकडे तपासायला पाठविले, कारण त्याला कोणा एका पंथाची नव्हे, सर्वांच्या सामाईक मिळकतीची बाजू मांडावयाची होती. १९४४पर्यंत चाललेली ही भाषणेच १९५२ साली ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ या नावाने एकत्र ग्रंथरूपाने निघाली.

त्याचे खरे बळ मला तर्कापेक्षा भाषेत दिसते. १९४५ साली वेल्समधील पाळकांपुढे बोलताना त्याने सुचविले की, धर्मदीक्षेच्या परीक्षेत शास्त्रीय ग्रंथातील एक उतारा सामान्य माणसाच्या बोलीत उतरविण्याचा प्रश्न सक्तीचा असावा. त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीच ही परीक्षा थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट मराठीतून उत्तीर्ण झाला होता. १५७९ साली गोव्यात आलेल्या या पाद्र्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले.

मात्र लुइसचा जो युक्तिवाद सर्वांत गाजला, तोच मला सर्वांत कच्चा वाटतो. ईश्वरत्वाचा दावा करणारा येशू एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर लबाड, नाही तर खरोखरच ईश्वर. थोर पण निव्वळ मानव असा उपदेशक तो असूच शकत नाही, असे तो म्हणतो. पण हा दावा येशूच्या तोंडी शिष्यांनी मागाहून घातला असेल तर? या प्रश्नाला त्याने उभे ठाकून तोंड दिले ते १९५९ साली, केंब्रिजच्या वेस्टकॉट हाउसमधील व्याख्यानात, आणि तिथे त्याच्या प्रतिपक्षात बुल्टमानही होते. माझी आणि माझ्या मित्रांची पुस्तके कशी घडली याविषयी समकालीन समीक्षकांनी बांधलेले अंदाज, लुइस सांगतो, जवळजवळ नेहमीच चुकलेले मी पाहिले. टोल्किनच्या कथेतील अंगठी अणुबॉम्बवरून सुचली असे लोक मानीत, पण ती कथा बॉम्बच्या आधीपासून रचली जात होती. आपल्याच भाषेतल्या, आपल्याच काळातल्या लेखकाविषयी जर ही फजिती, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचे थर सुटे करून दाखविणाऱ्यांवर किती भरवसा ठेवावा? या उत्तराने शंका निकालात निघत नाही, पण पुराव्याचा बोजा थोडा पलीकडे सरकतो, हे मान्य केले पाहिजे.

१९४० साली दुःखाच्या समस्येवर नीटस ग्रंथ लिहिणाऱ्या याच लेखकाची पत्नी १९६० साली कर्करोगाने वारली, आणि पुढील वर्षी टोपणनावाने निघालेल्या त्याच्या शोकाच्या टिपणांत नीटस असे काहीच नाही. श्रद्धा टिकली, पण वकिली थांबली.

तरी वकिलाची पारख हरल्यावर होते. १९४७च्या ‘मिरॅकल्स’ या ग्रंथात लुइसने असे मांडले होते की, विचार ही जर केवळ अणूंच्या हालचालींची निष्पत्ती असेल, तर कोणताच विचार खरा मानायला आधार उरत नाही, अगदी निसर्गापलीकडे काहीच नाही असे मानणाऱ्या निसर्गवाद्याचा विचारसुद्धा. २ फेब्रुवारी १९४८ रोजी, तो स्वतः अध्यक्ष असलेल्या ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबात, एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या अठ्ठावीस वर्षांच्या तत्त्वज्ञ स्त्रीने, आणि विशेष म्हणजे ती स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होती, त्यातील गफलत उघड केली. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर लुइसने कारकहेतू आणि ज्ञापकहेतू यांची गल्लत केली होती: अग्नी धुराला उत्पन्न करतो आणि धूर अग्नीचे ज्ञान करून देतो, हे दोन व्यवहार निराळे आहेत, त्याचप्रमाणे विचार कशामुळे उद्भवला हे सांगितल्याने तो कशाच्या आधारे खरा ठरतो, हा प्रश्न रद्द होत नाही. लुइसने हे मनाला लावून घेतले, आणि १९६०च्या आवृत्तीसाठी ते प्रकरण नव्याने लिहून काढले. अ‍ॅन्सकमबाईंचे पुरते समाधान त्यानेही झाले नाही. पण या पुनर्लेखनात लुइसचा प्रामाणिकपणा आणि गांभीर्य दिसते, असे त्यांनी पुढे आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत नमूद केले. तेव्हा ‘मिरॅकल्स’ हाती आलेच, तर वाचकाने आधी आवृत्तीचे साल पाहावे, आणि प्रत १९४७ची निघाली तर निदान तिसरे प्रकरण तरी १९६०च्या प्रतीतून वाचावे.