सोन्याच्या पेटीतला भ्रमणध्वनी

भ्रमणध्वनी ही आज इतकी सर्वसाधारण वस्तू झाली आहे की, एके काळी ती श्रीमंतीचे लक्षण होती हे घरातील मुलांस सांगूनही पटत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांच्याशी संभाषण केले, तेव्हा आपल्या देशात ही सोय सुरू झाली. त्याच वर्षी ती मुंबईसही आली. गर्दीच्या वेळी मिनिटास सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि नवल असे की, दुसऱ्याने आपणांस फोन केला तरी आपलेच पैसे खर्च होत! आम्हां बुलढाणेकरांना त्या दिवसांत परगावी बोलावयाचे म्हणजे एस. टी. डी.च्या टपरीपाशी रात्री दर उतरेपर्यंत ताटकळावे लागे. अशा काळी ज्याच्या हाती भ्रमणध्वनी तो धनिक, हे उघडच होते. मग त्याचे यंत्र साध्या काळ्या प्लास्टिकचे का असेना. किंमत बोलण्याची होती, पेटीची नव्हती.

पुढे यंत्रे स्वस्त झाली. २००३ पासून आलेल्या फोनचा आकार पडेनासा झाला, आणि भाजीवाल्याच्या खिशातही भ्रमणध्वनी वाजू लागला. बोलणे सर्वांसच मिळू लागल्यावर धनिकाने आपले निराळेपण कशात दाखवावे? हा प्रश्न युरोपात थोडा आधी उत्पन्न झाला, आणि फिनलंडच्या नोकिया कंपनीने त्यावर एक उत्तर शोधले. तिने १९९८ साली ‘व्हर्टू’ नावाची स्वतंत्र शाखा काढली. फ्रँक नुओवो या आरेखकाच्या देखरेखीखाली २००२ साली ‘सिग्नेचर’ हे तिचे पहिले यंत्र बाजारात आले. इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात चर्च क्रुकम या गावी कारागीर ते हाताने जुळवीत. पेटी पोलादाची, सोन्याची किंवा प्लॅटिनमची, आणि किंमत हजारो पौंडांच्या घरात.

या यंत्राची अंगे पाहण्यासारखी आहेत. त्याच्या पडद्यावरील काच ही वस्तुतः काच नव्हेच. तो कृत्रिम नीलमणी होय. कळा दाबताना त्या अडखळू नयेत, झिजू नयेत म्हणून त्यांच्याखाली माणकांचे टेकू बसविलेले होते. उत्तम मनगटी घड्याळांत चक्रांच्या आसांना माणकांचा आधार देतात, त्याचीच ही नक्कल. माणिक आणि नीलमणी ही दोन रत्ने दिसावयास निराळी. पण रसायनदृष्ट्या दोन्ही एकच, ॲल्युमिनियम व प्राणवायू यांचा संयोग. आपल्याकडे चाकूसुऱ्यांस धार लावतात तो कुरुंद याच कुळातला, आणि इंग्रजीने हे नावदेखील आपल्याच देशी भाषांतून उचलले आहे. काठिण्यात याच्या वर हिराच काय तो. म्हणून खिशातल्या किल्ल्यांनी त्या पडद्यावर ओरखडा उमटत नसे. ही रत्ने यंत्रात शोभेसाठी नव्हती, त्यांना काम होते. ही गोष्ट मला आवडते.

धातूच्या पेटीत मात्र एक अडचण असते. रेडिओच्या लहरी धातूतून आरपार जात नाहीत. भ्रमणध्वनी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पाहावा; पुष्कळदा तो वाजतच नाही. म्हणून यंत्र सोन्याचे केले तरी लहरींच्या ये-जा करिता कोठे तरी अधातूची खिडकी ठेवावीच लागते. कानाशी टेकणारा भागही सोन्याचा न ठेवता चिनी मातीसारख्या गुळगुळीत पदार्थाचा केलेला होता.

सर्वांत विलक्षण होती ती कुशीवरील एक कळ. ती दाबली की दूरच्या कचेरीतला एक मनुष्य बोलू लागे. हॉटेलात खोली राखणे, नाटकाची तिकिटे मिळविणे, कोणास फुले पाठविणे, असली कामे तो धन्यासाठी करी. अर्थात या सेवेस वर्गणी पडे. छायाचित्र काढण्याची साधी सोयही त्या यंत्रात नव्हती. पण ज्याच्या दिमतीस असा अदृश्य कारभारी, त्यास तिची खंत ती काय असणार!

आता या वस्तूचे पुढे काय झाले ते पाहू. नोकियाने २०१२ मध्ये ही शाखा विकली, आणि २०१७ साली इंग्लंडातील कारखाना बंद पडला. त्याच वर्षी सिंगापुरात दुसऱ्या पिढीचे जाळे बंद झाले, आणि ‘सिग्नेचर’ बोलत असे ते याच जाळ्यावर. आपल्याकडेही २०१६ साली आलेले जिओचे जाळे प्रथमपासून चौथ्या पिढीचे, त्यावर हे यंत्र मुकेच. विजेच्या घटाचीही तीच गत. वापरा अथवा कपाटात ठेवा, काही वर्षांत त्याचा जीव सरतो. माणके झिजली नाहीत, नीलमण्यावर ओरखडा नाही, कारागिराच्या हातात काडीची उणीव नाही. पण ज्या आकाशातून शब्द यावयाचे तेच बदलले.

आमच्या जिल्ह्यातील खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. तेथून घेतलेले आजीचे ताट नातीच्या लग्नात वितळवून त्याचे पैंजण करता येतात. घडणावळ गेली तरी वजन उरते. सोन्याचा भ्रमणध्वनी जुना घेऊन घरात ठेव म्हणून सांभाळावा, असा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने तो याच तराजूने पारखावा. सराफ आधी पडदा, माणके आणि आतला विजेचा भाग काढून टाकील, आणि उरेल तेवढ्याच सोन्याचे मोल देईल. कृत्रिम माणकांचे मोल ते काय! आणि पेटी पोलादाची निघाली, तर तो तराजूला हातही लावणार नाही.