सांगणाऱ्या आणि लिहून घेणारे

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या वडनेरसारख्या कापसाच्या गावात एखाद्या घरची म्हातारी निवर्तली, की तिच्यामागे काय उरले याची मोजदाद बहुधा दागिने, भांडी आणि सात-बारावरचे नाव एवढ्यावर आटोपते. तिने जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेल्या वाकळी अंगावर पांघरून विरतात आणि जात्यावर बसून तिने जोडलेल्या ओव्या लेकी-सुनांच्या तोंडी बिननावाने जातात. पत्नी, आई आणि आजी या तीन नात्यांच्या आत राहून ज्या मराठी स्त्रियांनी काही निर्माण केले, त्यांच्यापैकी कोणाची आठवण टिकली आणि ती कशी टिकली, याचा शोध घेताना साहित्याच्या इतिहासात सहसा दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट समोर येते: यांतील जवळजवळ प्रत्येकीच्या मागे घरातलेच कोणीतरी कागद घेऊन बसलेले असते. कधी तो मुलगा असतो, कधी नातू, कधी सून. आणि लिहून घेणारा कोण होता, यावर त्या स्त्रीचे कोणते रूप पुढच्या पिढ्यांना दिसावे हे बरेचसे ठरून जाते.

या दृष्टीने मराठीत सर्वांत समृद्ध उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे आणि त्याचा एक धागा विदर्भातून गेलेला आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी जन्मलेल्या मनकर्णिकेचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात गेले. सोवळे म्हणजे विटाळ टाळण्यासाठी पाळायची धार्मिक शुद्धता. या घरात सोवळ्याला असे वेडाचे वळण लागले होते, की बाजारातून आणलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यावी लागे. वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक या कवीशी झाले. टिळक विद्वान होते, तितकेच लहरीही होते. कधी कोणते घर सोडून कोणत्या गावी निघतील याचा नेम नसे. याच भटकंतीत ते नागपूरला आले, तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांचे काम चालले आणि तेथून ते राजनांदगावला गेले. या दोन्ही ठिकाणी लक्ष्मीबाईंनी संसार मांडला आणि मोडला. त्या काळात नाशिकहून नागपूरला जाणारी आगगाडी भुसावळ आणि वर्ध्यावरूनच धावत असल्यामुळे वर्धा हे स्थानक त्यांच्या वाटेवरचे होते, एवढा या जिल्ह्याशी त्यांचा संबंध.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला आणि या संसाराचे दोन तुकडे झाले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला (देवदत्तला), घेऊन काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या, आणि बऱ्याच आंतरिक झगड्यानंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा निर्णय नवऱ्याच्या मागोमाग फरफटत जाऊन घेतलेला नव्हता, हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. जातीचा अभिमान मनातून कसा आणि किती कष्टाने गळून पडला याचे त्यांनी केलेले वर्णन मराठी गद्यातील अत्यंत प्रामाणिक पानांत मोडते. टिळकांचे १९१९ साली निधन झाले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील ओवीबद्ध महाकाव्य अवघ्या काही अध्यायांवर अडले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरओळख झालेल्या बाईने पंडित नवऱ्याचे अपुरे काव्य पुरे करावे, हे एरवी नाट्यमय वाटले असते. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला मात्र त्याचे फारसे नवल वाटत नाही, कारण त्या घरात खरी भाषा कोणाकडे होती हे त्याला तोवर कळून चुकलेले असते.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म मुळात लक्ष्मीबाईंसाठी झालाच नव्हता. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होता, त्यासाठी त्याला आईच्या आठवणी हव्या होत्या, आणि त्या आठवणी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हा विषय टिळकांकडून त्यांच्या पत्नीकडे हळूच सरकला. नवऱ्याचे चरित्र सांगता सांगता बाईने स्वतःचेच सांगून टाकले, आणि तेही नवऱ्याला हसत, स्वतःला त्याहून अधिक हसत. पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा शेवटचा भाग पुरा व्हायचा होता, तो मुलाने मार्गी लावला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी तळटीपा, सनावळ्या आणि व्यक्तींचे खुलासे जोडून १९८९ मध्ये अभिनव आवृत्ती सिद्ध केली. आजीच्या कथनात सन जवळजवळ नसतात. प्रसंग मात्र भांड्याकुंड्यांसह, कोणी काय पुसले आणि काय उत्तर मिळाले यासह उभे राहतात. नातवाने नेमके आजीने सोडून दिलेले काम केले, म्हणजे प्रसंगांना कालक्रमात बसवले. अशी आवृत्ती काढणे हे तर्पणापेक्षा अधिक कष्टाचे काम आहे, हे येथे नोंदवायला हरकत नाही. ज्या नागपुरात एके काळी लक्ष्मीबाईंना उद्याच्या जेवणाची भ्रांत होती, त्याच नागपुरात उतारवयात साहित्यिकांच्या मेळाव्याचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

बहिणाबाई चौधरींची हकिगत याच्या उलट्या बाजूची आहे, कारण लक्ष्मीबाईंना निदान लिहिता येत होते. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली महाजनांच्या घरी जन्मलेल्या, तेराव्या वर्षी चौधरींकडे दिलेल्या आणि तिशीत विधवा झालेल्या या शेतकरी स्त्रीने जे रचले ते सारे शेतात, विहिरीवर आणि घरोटावर, म्हणजे जात्यावर, बोलता बोलता रचले. तिची भाषा लेवा गणबोली, म्हणजे खानदेशातील लेवा पाटीदार शेतकऱ्यांची बोली. वऱ्हाडी माणसाला ती ऐकताना परकी वाटत नाही, कारण कित्येक शब्द आणि क्रियापदांची वळणे दोहोंकडे सारखीच आहेत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी म्हणून नाव मिळवलेला होता. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी याने बहिणाबाईंची गाणी त्या म्हणत असताना जमेल तशी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले, आणि त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली.

म्हणजे हयातीत कवयित्री म्हणून ज्या स्त्रीला घराबाहेर कोणी ओळखत नव्हते, तिच्या नावाने २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ ओळखले जाते, आणि या दोन टोकांच्या मधला सारा प्रवास एका वहीवर तोलून आहे. त्या वहीत आले ते टिकले. ज्या वेळी जवळ लिहिणारा नव्हता, त्या वेळी म्हटलेली गाणी वाऱ्यावर गेली, आणि बहिणाबाईंसारख्या दिवसभर राबणाऱ्या बाईच्या बाबतीत अशा वेळाच अधिक असणार हे उघड आहे. समीक्षकांनी तिच्या प्रतिभेला निसर्गदत्त म्हणून डोक्यावर घेतले, पण तिच्या शब्दयोजनेतील काटकसर आणि प्रश्नोत्तराची रचना ही जात्यावरच्या कसलेल्या परंपरेची कमाई आहे, हे त्या कौतुकात मागे पडले. तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जळगावच्या चौधरी वाड्यात घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत.

बाकीच्या काहींचा उल्लेख धावताच करता येईल. रमाबाई रानड्यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या त्या पती न्यायमूर्ती रानड्यांच्या पश्चात, आणि त्यांत पत्नीने पतीमागे उभे राहून बोलावे असा आदब शेवटपर्यंत सुटत नाही. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ मात्र फटकळ आणि रोखठोक आहे. ते सूनबाई कावेरीबाई कर्वे यांच्या हातून वाचकांपर्यंत आले, आणि सासूचा ठसका सुनेने चाळणीतून गाळला नाही, याबद्दल मराठी वाचकाने तिचे ऋणी राहायला हवे. त्याच घराण्यातील दुसरी सून इरावती कर्वे हिने ‘परिपूर्ती’ या ललितलेखात या साऱ्या प्रश्नाला मिस्किल वळण दिले आहे: सभेत तिची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची बायको अशी करून दिली जाते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि ती उणीव रस्त्यावरची पोरे तिला आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात तेव्हा भरून निघते. ‘युगान्त’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने हे लिहावे, यात उपरोध किती आणि मान्यता किती याचा निवाडा वाचकांनी अद्याप एकमताने केलेला नाही. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या तिच्या मुली लेखिका झाल्या, आणि नात ऊर्मिला देशपांडे हिने सहलेखकासह तिचे इंग्रजी चरित्र लिहून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. आजीचे देणे नातीने फेडले, पण आजीच्या भाषेत नव्हे.

वर्धा जिल्ह्याचे स्वतःचे उदाहरण एका अशा आईचे आहे, जिने एक ओळही लिहिली नाही. विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या आणि भजनांत रमणाऱ्या. देवाला एक लक्ष तांदूळ वाहायचे व्रत त्यांनी घेतले होते आणि त्या एकेक दाणा मोजून वाहत. वडिलांनी, तोळाभर तांदूळ मोजून त्यावरून लाखाचा हिशेब काढावा, असे सुचवले तेव्हा विनोबांनी आईची बाजू घेतली, अशी आठवण ते पुढे सांगत. गीतेवरचे संस्कृत प्रवचन कळत नाही म्हणून मराठी गीता हवी, असा या आईचा हट्ट होता. बाजारातली भाषांतरे तिला जड वाटली तेव्हा तिने मुलालाच ते काम सांगितले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती गेली. तिने सांगितलेले काम विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यात केले, आणि १९३२ मध्ये ‘गीताई’ प्रसिद्ध झाली. वर्ध्याजवळ गोपुरीला गीताई मंदिरात तेच श्लोक उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. आईची मागणी दगडात उतरल्याचे असे उदाहरण विरळा. मात्र ती स्वतः म्हणत असे त्या भजनांची वही कोणी केली नाही. याच वर्ध्यात राहिलेल्या जानकीदेवी बजाज यांनी दागिने आणि पडदा सोडून खादी घेतल्यावर आपले आयुष्य ‘मेरी जीवन-यात्रा’ या नावाने हिंदीत मांडले. मारवाडी घरातील त्या जीवनाचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता वडनेरसारख्या गावातल्या, ज्यांच्या घरी कवी मुलगा नव्हता, अशा स्त्रियांकडे वळावे लागते. ओवी म्हणजे बहुधा तीन-साडेतीन चरणांची, दळताना जात्याच्या फेऱ्यावर म्हटली जाणारी रचना. तिच्यात भाऊ, लेक, माहेरची वाट आणि पंढरीचा विठ्ठल एकत्र नांदतात. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’मध्ये या गाण्यांचा संग्रह केला, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत तेच काम कितीतरी व्यापक केले. पण या संग्रहांतून बाई बहुधा ‘स्त्री’ म्हणूनच भेटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पाने हे चित्र पालटले: एक हजारांहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर गायिकांकडून लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीसोबत तिच्या गायिकेचे नाव व गाव नोंदवले. आज हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाद्वारे पाहता-ऐकता येतो. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि ओवीचा श्वास असलेले दळण थांबले, त्यानंतर नात्याबाहेरच्या माणसांनी नातवाचे काम अंगावर घेतले, असे या उद्योगाचे वर्णन करता येईल.

विदर्भात ओवीच्या जोडीला भुलाबाईची गाणी आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलोजी आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली घरोघरी गाणी म्हणतात, आणि शेवटच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांची खोपडी, म्हणजे छोटा मांडव, उभारून त्याखाली पूजा होते. गाणी संपली की डब्यात झाकून आणलेली खिरापत कोणती, हे डबा हलवून आवाजावरून ओळखायचे असते, आणि ती कोणाला ओळखता येऊ नये अशी करण्यात घरची आजी आपली सारी कल्पकता पणाला लावते. सासरची गाऱ्हाणी थट्टेच्या सुरात सांगण्याची मुभा या गाण्यांतून सुनांना मिळे. एकाच गाण्यात दर वर्षी नवे कडवे कोण जोडते, हे त्या आळीला ठाऊक असते. पण छापील पुस्तिका निघतात तेव्हा त्यांवर त्या आळीतल्या बाईचे नाव येत नाही, आणि शाळेच्या स्पर्धेत गाणे म्हटले जाते तेव्हा पुस्तिकेतलीच कडवी शुद्ध मानली जातात.

या गाण्यांची नोंद गावातच करायची तर गायिकेच्या नावाशेजारी तिच्या सासरचे गाव लिहून भागत नाही. वर्धा नदी ही यवतमाळ जिल्ह्याची शीव आहे, आणि वडनेरच्या सुना नदीपलीकडच्या गावांतून, चंद्रपूरकडून आणि नागपूरकडूनही आलेल्या असतात. त्या येताना आपापल्या माहेरच्या चाली, शब्द आणि कडवी घेऊन येतात. म्हणून तिच्या माहेरचे गाव, ते गाणे तिने कोणाकडून घेतले त्या आईचे, आत्याचे वा आजीचे नाव, आणि कोणते कडवे तिने स्वतः घातले, या तीन गोष्टी वहीत हव्यात. त्यातली शेवटची गोष्ट बाई सहसा आपणहून सांगत नाही, ती तिला विचारावी लागते.