तांदळाएवढी ग्रंथी, आयुष्यभराचा प्रश्न

मानेत थायरॉइड ग्रंथी असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या पाठीमागे चिकटलेल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथींची ओळख मात्र फारशी नसते. प्रत्येकीचा आकार जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत्यू पावलेल्या एका भारतीय गेंड्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ती प्रथम दिसली. मानवी शरीरातील या ग्रंथीचे सविस्तर वर्णन 1880 साली स्वीडनमधील उप्साला येथील वैद्यकीय विद्यार्थी इव्हार सँडस्ट्रोम यांनी केले.

या ग्रंथींचे काम एकच, परंतु अत्यंत मोलाचे. रक्तातील कॅल्शियम किंचित जरी घटले तरी त्या पॅराथॉर्मोन हे संप्रेरक स्रवतात. त्यामुळे हाडांतील कॅल्शियम रक्तात येते, मूत्रपिंड लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवून धरते आणि ‘ड’ जीवनसत्त्व क्रियाशील होऊन आतड्यातील शोषण वाढते. हे संप्रेरक रक्तात अवघी काही मिनिटे टिकते. म्हणजेच कॅल्शियमचा तोल अहोरात्र, क्षणोक्षणी सांभाळला जात असतो.

ग्रंथी निकामी झाल्यास

या ग्रंथींचे कार्य मंदावले वा थांबले की त्या अवस्थेला हायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. थायरॉइड किंवा मानेच्या इतर शस्त्रक्रियेत या ग्रंथींना इजा होणे, त्यांचा रक्तपुरवठा तुटणे किंवा त्या नकळत काढल्या जाणे, हे या विकाराचे सर्वांत मोठे कारण आहे. अनेक रुग्णांत त्या काही आठवड्यांत सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र दोष कायमचा राहतो.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांत पेटके येणे, बोटे आखडणे ही त्याची लक्षणे. कॅल्शियम फारच घसरले तर आकडी येऊ शकते, श्वासनलिकेच्या तोंडाशी आवळ बसू शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

गोळ्यांची मर्यादा

कॅल्शियमच्या गोळ्या आणि क्रियाशील ‘ड’ जीवनसत्त्व हा नेहमीचा उपचार. बहुसंख्य रुग्ण त्यावर बरे चालतात. तथापि, गोळी कॅल्शियम पुरवते. मूत्रपिंडाला ते अडवून धरण्याचा आदेश देत नाही. परिणामी रक्तातील पातळी राखण्याच्या प्रयत्नात लघवीतील कॅल्शियम वाढते आणि मूतखडे किंवा मूत्रपिंडाची हानी यांचा धोका निर्माण होतो. काही रुग्णांना दिवसातून अनेकदा गोळ्या घेऊनही वारंवार रुग्णालय गाठावे लागते. प्रत्यारोपणाचा विचार पुढे येतो तो अशा तीव्र स्वरूपाच्या आजारातच.

प्रत्यारोपण कसे होते?

रुग्णाची स्वतःचीच ग्रंथी दुसरीकडे रोवणे ही जुनी व रुळलेली पद्धत आहे. शस्त्रक्रियेत ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटल्याचे लक्षात आले, तर शल्यविशारद तिचे बारीक तुकडे करून मानेच्या किंवा हाताच्या स्नायूत बसवतात. तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटून ऊती पुन्हा कामास लागते. पण रुग्णाकडे स्वतःची ग्रंथीच उरली नसेल तर दात्याकडून ती घ्यावी लागते.

दाता मरणोत्तर अवयवदान करणारा असू शकतो किंवा जिवंत व्यक्तीही. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात या ग्रंथी बेसुमार वाढतात आणि काही रुग्णांत त्या काढाव्या लागतात. अशी काढलेली ऊतीही दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते. ती बहुधा कोपरापुढील हाताच्या स्नायूत बसवतात. तेथे पोहोचणे सोपे असते आणि दोन्ही हातांच्या रक्तातील पॅराथॉर्मोनची तुलना करून रोपण जगले की नाही, हे ताडता येते.

खरा अडसर

परक्याची ऊती शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. ती टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यांतून जंतुसंसर्ग, मधुमेह आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. त्यांतील काही औषधे तर मूत्रपिंडालाच अपाय करतात. जे मूत्रपिंड वाचवायचे, त्यालाच झळ पोहोचावी, असा हा पेच आहे.

म्हणूनच ज्या रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण आधीच झाले आहे आणि जो ही औषधे घेतच आहे, त्याच्या बाबतीत हा उपचार अधिक समर्थनीय ठरतो. इतरांसाठी औषधांविना मार्ग शोधण्याचे प्रयत्न झाले. पोलंडमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रोवण्यात आल्या; जर्मनीत समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म आवरणात ऊती बंद करून 1997 साली दोन रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. तुर्कस्तानातही असे प्रयोग झाले. काहींना लाभ झाला, परंतु अनेक रोपणे कालांतराने निकामी झाली. त्यामुळे हा उपचार अजून सर्रास वापरण्याजोगा झालेला नाही.

दरम्यान, औषधांचा पर्यायही पुढे सरकला आहे. दिवसातून एकदा टोचून घ्यावयाच्या, पॅराथॉर्मोन हळूहळू सोडणाऱ्या पालोपेगटेरिपॅराटाइड या औषधाला 2023 मध्ये युरोपात आणि 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

भारतात 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 2011 च्या दुरुस्तीने ऊतींनाही लागू झाला. त्यामुळे अशा दानाचा कोणताही व्यवहार त्याच्या चौकटीतच व्हावा लागतो. ऊतींची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

तूर्तास सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आपली ग्रंथी मुळातच जपणे. थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरल्यास पॅराथायरॉइड कशा सांभाळल्या जातील आणि नंतर कॅल्शियमची तपासणी केव्हा होईल, हे रुग्णाने शल्यविशारदांना आधीच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्यास त्या अशक्तपणाच्या खाती टाकू नयेत. तत्काळ डॉक्टरांना कळवावे. वेळीच केलेली रक्ततपासणी पुढचा मोठा धोका टाळू शकते.