पालीच्या काचपेटीतील हिरवळ

‘मनात शंकेची पाल चुकचुकणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रूढ आहे. या प्राण्याविषयी आपल्या समाजात कोणती भावना आहे, हे त्यावरून सहज ध्यानी येते. तथापि आवडीनिवडी बदलत असतात. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या शहरांतील काही घरांत आज पालीच्या परदेशी जाती हौसेने पाळल्या जातात. त्यांच्यासाठी काचेची पेटी सजविली जाते, आणि मग मुले विचारू लागतात की, यात खरी झाडे कोणती लावावयाची? प्रश्न वरवर छंदाचा दिसतो. वस्तुतः त्याच्या उत्तरावर एका मुक्या जिवाचे स्वास्थ्य अवलंबून असते.

प्रथम कायदा

झाडांकडे वळण्यापूर्वी प्राणी कोठून आला, हे पाहणे अवश्य आहे. ईशान्य भारतातील टोके ही मोठी पाल काही दुर्धर रोगांवर औषध आहे, अशी खोटी समजूत पसरल्यामुळे तिची चोरटी शिकार होत आली. २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. आपल्याकडील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली सुधारणा झाली, आणि व्यापार-नियंत्रणाखालील परदेशी जाती त्याच्या चौथ्या अनुसूचीत घालण्यात आल्या. असा जिवंत प्राणी जवळ असल्यास २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. पावती व कागदपत्रे नसलेला प्राणी विकत घेऊ नये. रानातील पाल धरून पेटीत कोंडणे तर केव्हाही योग्य नव्हे.

काचपेटीचा पूर्वेतिहास

काचेआड झाडे वाढविण्याची युक्ती लंडनचे डॉक्टर नाथॅनिएल वॉर्ड यांना योगायोगाने सापडली. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. त्याच बाटलीतील ओलसर मातीत नेच्याचे व गवताचे अंकुर फुटले. पानांतून निघणारी वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत उतरते, त्यामुळे आत झाड तगून राहते, हे त्यांनी ओळखले. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी पुढे चीनमधील चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचविली. आज टेरारियम म्हणतात ते याच पेटीचे वंशज. मात्र आत प्राणी असेल, तर पेटी पूर्ण बंद ठेवून चालत नाही. वारा खेळता राहावा म्हणून झाकणाला जाळी हवीच.

जशी पाल, तशी झाडे

सर्व पाली एका हवेत राहत नाहीत. लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल पाकिस्तान, अफगाणिस्तान व वायव्य भारत येथील कोरड्या, खडकाळ मुलखातील आहे. १८५४ साली एडवर्ड ब्लिथ यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या बोटांना चिकटगाद्या नसतात. ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवर चालते व उकरते. तिच्यासाठी हावर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लँट अशी जाड पानांची, पाणी साठविणारी झाडे निवडावीत. काटेरी निवडुंग टाळावा. झाड कुंडीसकट मातीत गाडले, म्हणजे मुळे उकरली जात नाहीत. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट पेटीच्या तळावर टेकवावेत. एरव्ही खाली उकरणाऱ्या पालीवर ते कोसळतात. कात टाकण्यासाठी मात्र ओले शेवाळ घातलेला एक छोटा आडोसा तिलाही लागतो.

क्रेस्टेड गेको ही न्यू कॅलेडोनिया बेटातील पाल नामशेष झाली, असे मानले जात होते. १९९४ साली ती पुन्हा आढळली. ती झाडावर राहते आणि पानांवरील थेंब चाटून पाणी पिते. तिला उंच पेटी, मनीप्लँट, पेपेरोमिया, नेचे आणि चाळीस-पन्नास ग्रॅमचा भार सोसणारी रुंद पाने लागतात.

परक्या झाडाची पारख आधी आपल्या हवेत करावी, ही रीत दिल्लीला नवी नाही. नव्या राजधानीच्या रस्त्यांसाठी कोणती झाडे योग्य, याची चाचणी सुंदर नर्सरीत होत असे. २०१८ पासून ही बाग नव्या रूपात सर्वांसाठी खुली आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे.

विष कोठून येते?

पाली बहुधा पाने खात नाहीत. पण त्यांचे भक्ष्य असलेले किडे ती कुरतडतात, आणि पानांतील द्रव्य त्या वाटेने पालीच्या पोटात जाते. म्हणून कण्हेर, शेर, पानफुटी व डिफेनबॅकिया यांना पेटीत थारा देऊ नये. त्याहून मोठा धोका रोपवाटिकेतील औषधांचा. काही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात. पाने धुऊन ती जात नाहीत. तेव्हा आणलेली माती झाडून टाकावी, मुळे धुवावीत, आणि रोप काही महिने निराळे वाढवावे. फांदी किंवा फुटवा घरी रुजवून त्याची नवी वाढ वापरणे अधिक चांगले. रासायनिक खत घालू नये.

तळाशी खडी, तिच्यावर जाळी, मग माती व नारळाच्या भुशाचे मिश्रण असा क्रम ठेवावा. झाडे आधी लावावीत. तीन-चार आठवड्यांनी मुळे धरली, की मग पाल सोडावी.

दिल्लीचे ऋतू

मे-जूनमध्ये येथील पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तर जानेवारीच्या पहाटे तो ५ अंशांखालीही उतरतो. काचपेटी उन्हात ठेवल्यास थोड्याच वेळात तिची भट्टी होते. झाडांना दिवसाकाठी दहा-बारा तास एलईडी दिव्याचा प्रकाश पुरतो. लेपर्ड गेकोला पेटीच्या एका टोकाला ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. हिवाळ्यात तापनियंत्रक जोडलेली उष्ण गादी वापरावी. क्रेस्टेड गेकोला २२ ते २६ अंश मानवतात, २८ च्या पुढे तिचा जीव कासावीस होतो. ज्या घरी उन्हाळ्यात वातानुकूलन अखंड चालण्याची खात्री नाही, त्या घराने हा मोह टाळावा, हेच दयेचे आहे.

श्रावणात जाळी मोकळी ठेवावी, नाहीतर बुरशी धरते. या भागातील भूजल पुष्कळ ठिकाणी जड आहे. त्याचे पांढरे डाग पानांवर व काचेवर बसतात. फवारणीस गाळलेले शुद्ध पाणी घ्यावे. पाल विषारी नसते. पण तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू येऊ शकतात. पेटी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

आणि पाल विकत घेणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी खंत करू नये. केवळ नेचे व शेवाळ यांची पेटीही घराला शोभा देते. व्हरांड्यातील दिव्याखाली रोज रात्री पिवळ्या पोटाची पाल येतेच. तिच्या बोटांवरील सूक्ष्म केसांच्या बळावर ती छताला उलटी कशी चालते, डास-पतंग कसे टिपते, हे मुलांनी वहीत टिपून ठेवावे. तिला पेटी लागत नाही, आणि आपल्यालाही तिच्यासाठी काही खर्च येत नाही. तिला झाडूने हाकलू नये, एवढेच पुरे.