मिन्स्कमधली १३१ मुलं

सप्टेंबर १९९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापून आलं. लिहिणारे तिघं बेलारूसचे: आरोग्यमंत्री वासिली काझाकोव्ह, मिन्स्कमधले थायरॉइडचे सर्जन येवगेनी देमिद्चिक आणि लारिसा अस्ताखोवा. पत्रात देशातल्या मुलांना झालेल्या थायरॉइडच्या कॅन्सरचा वर्षवार हिशोब होता. १९८६ साली दोन, मग चार, पाच, सहा. १९९० साली एकदम २९, पुढच्या वर्षी ५५ आणि १९९२ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ३०. एकूण १३१. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं एकट्या गोमेल प्रांतातली. १९८६ साली फुटलेली चेर्नोबिलची अणुभट्टी युक्रेनमध्ये असली, तरी गोमेल तिच्या उत्तरेला, सीमेला लागूनच आहे.

बेलारूस जेमतेम कोटीभर वस्तीचा देश. मुलांमध्ये हा कॅन्सर इतका क्वचित होतो की एरवी दहा लाख मुलांमागे वर्षाला एखादा सापडावा. तरीही जगभरच्या जाणकारांनी या आकड्यांवर विश्वास ठेवायला वेळ घेतला. त्याआधी वर्षभरच, मे १९९१ मध्ये, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या चेर्नोबिल परिसराच्या पाहणीचा अहवाल आला होता. थेट किरणोत्साराच्या माथी मारता येईल असा आजार आढळला नाही, पुढे कधीतरी मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी वाढू शकतील, असं त्यात म्हटलं होतं. ‘पुढे कधीतरी’ तोवर मिन्स्कच्या ऑपरेशन थिएटरात पोचलं होतं.

शंका घेणाऱ्यांना निव्वळ आडमुठे म्हणता येणार नाही. किरणोत्सारानंतर गाठी धरायला दहा-दहा वर्षं लागतात असं तेव्हा मानलं जाई, इथे चारच झाली होती. किरणोत्सारी आयोडीन मोठ्या माणसांच्या उपचारात अनेक वर्षं वापरात होतं आणि त्यातून थायरॉइडचा कॅन्सर वाढल्याचं दिसलं नव्हतं. तिसरी शंका सगळ्यात बोचरी: अपघातानंतर सगळे मुलांचे गळे तपासायला लागले म्हणून गाठी सापडल्या, एरवी त्या तशाच राहिल्या असत्या.

क्ष-किरण आणि मुलांचा थायरॉइड यांचं वैर मात्र जुनं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या छातीतली थायमस ग्रंथी ‘वाढलेली’ दिसते म्हणून तिच्यावर क्ष-किरण सोडायची पद्धत होती. वास्तविक त्या वयात ती मोठीच असते. १९५० साली डफी आणि फिट्झगेराल्ड या डॉक्टरांनी थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या २८ मुलांची माहिती मांडली. त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांनी बाळपणी हे किरण घेतले होते. निरोगी बाळांवर केलेल्या उपचाराची ती किंमत होती.

चेर्नोबिलमध्ये वाट वेगळी होती, ती दुधाची. २६ एप्रिल १९८६ ला भट्टी फुटली तेव्हा वसंत ऋतू होता, गाई कुरणात सोडायचे दिवस. हवेतून आलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर बसलं. गाय दिवसभरात मोठा पट्टा चरते आणि त्यातलं काही आयोडीन कासेत गोळा करते. गोमेलकडच्या खेड्यांत घरचीच गाय, सकाळी धार काढली की पेला पोराच्या हातात. थायरॉइडला तर आयोडीन हवंच असतं, त्यातून तिकडच्या मातीत ते कमी, म्हणून भुकेलेली ग्रंथी मिळेल ते ओढून घेत होती. मोठ्या माणसाची थायरॉइड पंधरा-वीस ग्रॅमची, तान्ह्या बाळाची एक-दीड ग्रॅमची. तेच चमचाभर तिखट पातेलंभर आमटीत पडलं काय आणि वाटीभर आमटीत पडलं काय, तसा हा प्रकार. शिवाय बाळाच्या पेशी भराभर विभागत असतात, त्यामुळे डीएनएतली मोडतोड पुढच्या पेशींत उतरायला वाव जास्त.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ऐंशी दिवसांत त्याचा हजारावा हिस्सा उरतो. तेच दूध महिना-दोन महिने पोरांना दिलं नसतं, त्याची भुकटी करून ठेवली असती, तरी पुष्कळ निभावलं असतं. पण त्यासाठी लोकांना सांगावं लागलं असतं, आणि सोव्हिएत सरकार बोलत नव्हतं. शेजारच्या पोलंडने अपघातानंतर तीन-चार दिवसांतच मुलांना साधं आयोडीन पाजायला सुरुवात केली आणि कुरणात चरणाऱ्या गाईंचं दूध त्यांना देणं थांबवलं. सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना तो डोस मिळाला. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. हे काम आयोडीनयुक्त मिठाने होत नाही, बरं का. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर चीनमध्ये मिठाच्या पुड्यांसाठी झुंबड उडाली होती. आपल्याकडच्या मिठात किलोमागे किमान पंधरा मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. मोठ्या माणसाच्या बचावाच्या एका डोसात लागणारं शंभर मिलिग्रॅम त्यातून मिळवायचं तर साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल!

‘शोधलं म्हणून सापडलं’ या शंकेला पक्कं उत्तर मिळालं ते २००१ मध्ये. नागासाकीचे शुनिची यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोमेल भागातल्या २१,६०१ मुलांची सोनोग्राफी केली होती. यंत्र तेच, पद्धत तीच, फरक फक्त जन्मतारखेचा. अपघाताआधीच्या तीनेक वर्षांत जन्मलेल्या ९,७२० मुलांत ३१ कॅन्सर. अपघाताच्या वेळी पोटात असलेल्या किंवा लगेचच्या काळात जन्मलेल्या २,४०९ मध्ये एक. आयोडीन-१३१ संपल्यावर, १९८७ पासून जन्मलेल्या ९,४७२ मुलांत एकही नाही. नुसत्या तपासणीने गाठी निघाल्या असत्या, तर या शेवटच्या गटातही निघायला हव्या होत्या. लोकसमूहांतल्या आजारांच्या अभ्यासात इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या वेळा मिळतो.

एवढ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, पण बेलारूस, युक्रेन आणि रशियात मिळून २००५ पर्यंत नोंदल्या गेलेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी मृत्यू पंधरा. या आजाराचं हे वैशिष्ट्यच आहे. मुलांमधला पॅपिलरी कॅन्सर मानेच्या लसिका ग्रंथींत, कधी फुप्फुसांतही लवकर पसरतो, ऐकून आईबापांचं अवसान गळतं. तरीही उपचाराला तो मोठ्यांपेक्षाही चांगला दाद देतो. थायरॉइड काढतात, गरज पडली तर पसरलेल्या पेशी मारायला आयोडीन-१३१ च देतात, आणि पुढे आयुष्यभर सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे आयोडीनचे उपचार अनेक दशकं चालू आहेत.

किरणोत्साराशी काहीही संबंध नसलेल्या मुलांच्या गळ्यातही गाठ येते. डॉक्टर मुलाला घोटभर पाणी प्यायला लावतात, ते एवढ्यासाठी: गिळताना गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची, जागीच राहिली तर वेगळी. बहुतेक गाठी साध्या निघतात. मोठ्यांमध्ये शंभरातल्या पाच-दहा गाठी कॅन्सरच्या असतात, मुलांमध्ये मात्र वीस-पंचवीस. म्हणून मुलाच्या बाबतीत ‘बघू पुढच्या वर्षी’ चालत नाही. सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशींची तपासणी वेळेवर व्हायला हवी.

पण हाताला लागलेली गाठ तपासणं वेगळं आणि धडधाकट मुलांचे गळे यंत्राखाली घालणं वेगळं. हा फरक फुकुशिमात कळला. मार्च २०११ च्या अपघातानंतर, त्याच यामाशितांच्या सल्ल्याने, प्रांतातल्या १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची सोनोग्राफी सुरू झाली. पहिल्या फेरीत सुमारे तीन लाख मुलं तपासली गेली. ११६ जणांमध्ये कॅन्सर किंवा त्याचा दाट संशय. देश हादरला. दरम्यान आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी या लांबच्या प्रांतांतली ४,३६५ मुलं तशाच यंत्रांनी तपासली, तर निम्म्याहून अधिक मुलांत द्रवाने भरलेल्या बारीकसारीक पिशव्या किंवा गाठी दिसल्या. फुकुशिमाचे रुग्ण मुख्यतः किशोरवयीन होते, बेलारूससारखी चिमुरडी त्यात नव्हती. थायरॉइडपर्यंत पोचलेली किरणोत्साराची मात्राही चेर्नोबिलच्या मानाने फारच कमी होती, कारण दुधावर काही दिवसांतच बंदी आली होती. देमिद्चिक यांच्या आकड्यांवर घेतलेली ‘शोधलं म्हणून सापडलं’ ही शंका तिथे चुकीची ठरली होती, तीच इथे बरीचशी खरी ठरली. माझ्या मते पहिल्या फेरीनंतरच ही सरसकट तपासणी थांबवायला हवी होती. अणुअपघातानंतर अशी सरसकट तपासणी नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंही.

पण सापडलेली गाठ परत न सापडलेली करता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये फुकुशिमाच्या सहा तरुण-तरुणींनी अणुभट्टी चालवणाऱ्या वीज कंपनीवर तोक्योच्या न्यायालयात दावा दाखल केला. अपघाताच्या वेळी ती शाळकरी मुलं होती, आता कुणाची थायरॉइड पूर्ण काढलेली आहे, कुणावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. हजारो मुलांचा हिशोब मांडला तर किरणोत्साराचा माग लागतो. पण एकट्या माणसाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती कशामुळे झाली हे खात्रीने सांगता येत नाही, आणि न्यायालयापुढे नेमका तोच प्रश्न आहे.