यकृतदाह : 'कावीळ' या एका शब्दामागील भिन्न आजार

डोळे व त्वचा पिवळसर होणे, म्हणजेच कावीळ, हे लक्षण आहे; स्वतंत्र रोग नव्हे. विषाणूजन्य यकृतदाह अर्थात हिपॅटायटिसचे ए, बी, सी, डी व ई असे पाच प्रमुख प्रकार आहेत.

'ए' व 'ई' हे मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात. दिल्लीतील १९५५-५६ ची साथ 'ई' विषाणूची होती, हे पुढे सिद्ध झाले. हे प्रकार बहुधा आपोआप बरे होतात आणि त्याचे श्रेय झाडपाल्याच्या औषधास मिळते. गर्भवती स्त्रियांना मात्र 'ई' प्राणघातक ठरू शकतो.

'बी' व 'सी' मुख्यतः रक्तावाटे संक्रमित होतात आणि कावीळ न दिसताही वर्षानुवर्षे यकृतात राहून सिरोसिस वा कर्करोगास कारणीभूत ठरतात. जन्मसमयी मातेकडून झालेला 'बी'चा संसर्ग सुमारे ९० टक्के बालकांत दीर्घकालीन बनतो. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत लस देणे अगत्याचे असते. 'सी'वर लस नाही. परंतु तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांनी साधारणतः १२ आठवड्यांत बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत तपासणी व औषधोपचाराची तरतूद आहे.

सारांश, पिवळेपणा गेला म्हणजे रोग गेला असे न मानता रक्ततपासणीने विषाणूचा प्रकार निश्चित करणे, ही व्यवस्थापनाची पहिली पायरी होय.