देवाचे सोंग, नटाची वाट

कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील मोडनिंबकरांना पंढरी शेजारचीच. विठोबाचे रूप त्यांना कोणी नव्याने दाखवावयास नको. तरीही २०१७ साली ‘विठू माऊली’ ही मालिका सुरू झाली आणि परभणीचे तरुण नट अजिंक्य राऊत यांच्या मुखाने विठुराया घरोघरी बोलू लागला. देवाची भूमिका नटाला मान देते, तशीच बांधूनही ठेवते. पुढे २०२१ साली ‘मन उडू उडू झालं’मध्ये कर्जवसुली करणारा इंद्रा साकारून त्यांनी ती चौकट ओलांडली. आम्हांस यात काही वावगे वाटत नाही. भारुडातले सोंगही शेवटी उतरवायचेच असते. मुकुट उतरविलेल्या नटाला भाविकांनी मोकळी वाट द्यावी. माथा मात्र विटेवरील समचरणांवरच टेकावा.